घड्याळाच्या पोटातली रात्र

५ तारीख, सोमवार

कंपनीच्या बाईने आज सगळ्यांना एकेक वही वाटली. रोज लिहायचं, आज काय शिकलो आणि काय वाटलं. शनिवारी ती गोळा करून वाचणार. तिच्या वहीत मी लिहिलं, "आज पुष्कळ शिकले. छान वाटलं." उद्याही तेच लिहीन, परवाही तेच. पण लिहायला बसायचं आणि खोटंच लिहून उठायचं हे काही मला पटेना, म्हणून ही दुसरी वही काढली. ही माझी. कुणी हात लावला तर बघा.

तर खरं असं आहे. दुकानात आता एकाच कंपनीची महागडी घड्याळं राहिली आहेत. कंपनीचं म्हणणं, विकणाऱ्याला मालाची खडान्‌खडा माहिती हवी. सत्तावीस तारखेला परीक्षा. नापास झाला त्याने काउंटरवर उभं राहायचं नाही. मी आठवी झालेली बाई. माझा नवरा गेला तेव्हा दादाने, माझ्या भावाने, मला या काउंटरमागे आणून उभं केलं. तेव्हा इथे भिंतीवरची आणि गजराची घड्याळं मिळायची. केस पांढरे झाले ते इथल्याच दिव्यांखाली. आता म्हणे पास व्हा.

दादा जाऊन पाच-सहा महिने झाले. मालक आता त्याचा मुलगा. चाळिशी उलटली तरी घरात तो बाळच आहे, आणि त्याची आत्या म्हणून मी सगळ्या दुकानाची आत्या. संध्याकाळी बाळ जवळ येऊन हळूच म्हणाला, आत्या, परीक्षेचा ताप कशाला घेतेस, तुझे पाय दुखतात, तू आत बस. आत म्हणजे मागची खोली. छतापर्यंत खोकी, एक टेबल, एक पंखा, खिडकी नाही. तिथे बसून पावत्या लावायच्या.

माझे पाय दुखत नाहीत. लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

७ तारीख, बुधवार

दुकान उघडायच्या आधी शिकवणी. बाई पडद्यावर घड्याळाचं पोट उघडून दाखवते. इवलीशी चाकं, लाल मणी, एक स्प्रिंग. हे कुठल्या धातूचं, ते किती खोल पाण्यात चालतं, चावी दिल्यावर किती वेळ चालतं. माझ्या शेजारी प्राध्यापक. तो काही खरा प्राध्यापक नाही, आमच्याकडचा सेल्समन आहे, पण बोलायला लागला की तासच घेतो. बाईचा प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं उत्तर तयार. दुसऱ्या बाजूला नवीन मुलगी. दादा गेल्यानंतर बाळने तिला ठेवली. आली-गेली कळत नाही, तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून मी तिला मनी म्हणते. तिला राग येत नाही. निदान दिसत तरी नाही.

आज एक नियम शिकवला. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात घड्याळाची तारीख चावीने पुढे ढकलू नये, आतलं मोडतं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही लिहिलं आणि लगेच खोडलं. आपण दुकान आठला बंद करतो. नऊ वाजता मी आणि वहिनी जेवून भांडी पालथी घालून बसलेल्या असतो. जे होणारच नाही ते पाठ कशाला करायचं? डोक्यात जागा मोजकी आहे.

१० तारीख, शनिवार

बाईने वह्या पाहिल्या. माझ्याकडे बघून हसली.

आज गर्दी होती. एक मध्यम वयाचा माणूस आला, प्राध्यापकाच्या तावडीत सापडला. प्राध्यापकाने त्याला घड्याळ ज्या डोंगराळ गावात बनतं तिथल्या हवेपासून सुरुवात केली. तो माणूस बिचारा दाराकडे बघायला लागला. मी मध्ये पडले. त्याचं मनगट बघितलं. बारीक, हाड वर आलेलं. म्हटलं, मोठं घड्याळ नको तुम्हाला, बशी बांधल्यासारखं दिसेल. तो हसला. दर्शनी खिडकीतून लहान चकतीचं काढलं, चावी ओढून तारीख फिरवली, मग वेळ लावली, हातावर बांधलं. घेऊन गेला.

मला आहे ती हीच माहिती. बाकी चाकं-मणी प्राध्यापकाला लखलाभ.

आणि त्याचा संथपणा. गिऱ्हाईक समोर उभं असताना हा घड्याळ हातात घेतो, आधी काटे फिरवत फिरवत सहावर नेतो, मग तारीख लावतो, मग परत काटे फिरवून वेळ लावतो. विचारलं, सहाचं काय नवसाचं आहे का? म्हणाला, सवय आहे आत्या. माझं तसं नाही. खिडकीतली सगळी घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवलेली असतात, म्हणजे काटे हात वर केल्यासारखे छान दिसतात. काढलं की आधी तारीख, मग वेळ. झटपट. मनीलाही मी तसंच शिकवलं आहे. हात चांगला आहे तिचा.

खरं तर तारीख-बिरीख आधी दादाच लावून द्यायचा. आम्ही नुसतं दाखवायचो. तो गेला आणि ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

१३ तारीख, मंगळवार

एक घड्याळ परत आलं. तारखेच्या चौकटीत अर्धा बाराचा आकडा आणि अर्धा तेराचा. दोन्हींच्या मध्ये अडकलंय, ना मागे ना पुढे. दादा गेल्यापासून असं हे तिसरं. गिऱ्हाईक ओरडलं नाही, पण आवाज बारीक करून बोललं, ते जास्त लागतं.

बाळने वरच्या माळ्यावर घड्याळजींकडे पाठवलं. ते दादाच्या वेळचे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर तिथेच असतात, खाली उतरतात ते घरी जायला. त्यांनी निरोप पाठवला, कुणीतरी भलत्या वेळी तारीख ढकलली आहे. पूर्वी कधी असं होत नव्हतं.

बाळ मला म्हणाला, आत्या, तुझ्या लक्षात काही आलं का? मी म्हटलं, भलत्या वेळी म्हणजे कधी, इथे काय रात्रपाळी आहे? मग तोच म्हणाला की पूर्वी होत नव्हतं आणि आता होतंय, तर आता नवीन काय आहे ते बघायला हवं. असं म्हणून काउंटरकडे बघायला लागला. मनी तिथे काच पुसत होती.

मला ते आवडलं नाही. पण हिशेब तर बरोबर बसत होता. ती गिऱ्हाइकाच्या हातातून घड्याळ पडू देत नाही एवढं मला माहीत आहे, बाकी मी तिला ओळखते किती? घरी आई आहे आणि कमावती ही एकटीच, एवढंच ठाऊक.

१७ तारीख, शनिवार

वहिनीला बसवलं माझा अभ्यास घ्यायला. दादा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. बाळ त्याच्या बायको-मुलांबरोबर पलीकडच्या इमारतीत. वहिनी चष्मा नाकावर ओढून प्रश्न वाचते आणि मी अडले की स्वतःच उत्तर वाचून टाकते. अशाने मी काय पास होणार?

मग तिचं सुरू झालं. म्हणाली, यांना मात्र फार जीव त्या घड्याळांवर. रोज तुमच्या सगळ्यांच्या तासभर आधी जायचे. निघताना म्हणायचे, चल, सकाळ करून येतो. आणि संध्याकाळी बोटं दुखतात म्हणून माझ्याकडून तेल लावून घ्यायचे, अंगठा आणि हे शेजारचं.

मी म्हटलं, वहिनी, पुढचा प्रश्न. तिला सगळ्यांचं काही ना काही दुखताना दिसतं. बाळला माझे पाय, हिला दादाची बोटं. आणि दुकान उघडायला जाणाऱ्या माणसाने सकाळ करून येतो म्हणावं नाही तर काय संध्याकाळ करून येतो म्हणावं?

आज मीही लवकर गेले होते, बाईचा धडा चाळायला. बघते तर प्राध्यापक माझ्याही आधी हजर. खिडकीतलं एकेक घड्याळ काढून काटे गरगर फिरवतोय आणि परत दहा-दहावर आणून ठेवतोय. दहा-दहाचं दहा-दहा. विचारलं, काय चाललंय? म्हणाला, सकाळ करतोय. दादांची पद्धत. आता रोज करणार आहे.

हा परीक्षेने पुरता बिघडला. दादाचं नाव घेतलं म्हणून सोडला.

२० तारीख, मंगळवार

आज वाईट झालं.

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, जुन्या ओळखीच्या. नवऱ्यासाठी घ्यायचं होतं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकात होते, म्हणून मनी पुढे झाली. खिडकीतलं मधल्या रांगेतलं, निळ्या तबकडीचं काढलं. तेच मी तासाभरापूर्वी एकाला दाखवलं होतं, त्याने नाही घेतलं, म्हणून काटे पुढे करून दहा-दहावर लावून मीच परत ठेवलं होतं. मनीने चावी ओढली, तारीख फिरवली आणि थांबली. मला तिच्या खांद्यांवरून कळलं. पुढे जाऊन पाहिलं तर चौकटीत अर्धा आकडा इकडे, अर्धा तिकडे.

डॉक्टरीणबाईंनीच सांभाळून घेतलं, दुसरं बघते म्हणाल्या, पण घेतलं नाही. बाळ दाराशीच उभा होता. त्याने सगळं पाहिलं. त्या गेल्यावर त्याने मनीला सगळ्यांसमोर विचारलं, तारीख लावायला कुणी शिकवलं तुला?

मनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "माझंच चुकलं."

बाळने मला आत बोलावलं. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत राहू दे, मग तिला सांगून टाकू. मी म्हटलं, एकदा चुकली म्हणून काय काढायचं? तो म्हणाला, चार झाली, आत्या. कंपनी विचारते, कुणाच्या हातून. नाव द्यावं लागतं. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पावत्यांच्या गठ्ठ्याला रबर लावत होता. लावलेलंच होतं.

मी शिकवलं तसंच तर केलं तिने. मग माझ्या हातून का मोडत नाही?

२१ तारीख, बुधवार

मनी वेळेवर आली. काच पुसली. माझ्याशी नेहमीसारखीच. दुपारचा चहा माझ्यापुढे आणून ठेवला, रोज ठेवते तसा.

तसाच गार झाला.

२२ तारीख, गुरुवार

आज वर माळ्यावर गेले. जिना अरुंद आहे आणि वर डोकं वाकवून उभं राहावं लागतं, म्हणून कधी जात नाही. घड्याळजींना म्हटलं, मला ते निळ्या तबकडीचं उघडून दाखवा. म्हणाले, परीक्षेला आहे का? म्हटलं, हो, आहे.

त्यांनी तबकडी उतरवून बाजूला ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. खाली एक कडी होती, तिच्यावर एक ते एकतीस आकडे. कडीला आतून बारीक दाते. तिच्या शेजारी एक चाक. घड्याळजी चिमट्याच्या टोकाने दाखवत होते. हे चाक रात्री नऊच्या सुमाराला कडीच्या दातात आपला दात घालतं. बाराला तिला एक घर पुढे ढकलतं. तीनपर्यंत बाहेर निघतं. त्याने धरलेलं असताना तुम्ही चावीने ढकललं की दोघांची ओढाताण होते. दर वेळी मोडतंच असं नाही. कधी नुसतं झिजतं आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मोडतं. यात बघा, एक दात गेलाय.

गेला होता. फणीचा दात जातो तसा.

मी म्हटलं, "पण हे तर भर दुपारी बारा वाजता झालं."

ते म्हणाले, "तुमच्याकडे बारा वाजले होते, आत्याबाई. याच्याकडे किती?"

"दहा-दहा. खिडकीतलं होतं."

"सकाळचे दहा की रात्रीचे?"

मी भिंगातून परत आत बघितलं. घड्याळाचा चेहरा काही सांगत नाही. सकाळच्या दहालाही काटे तिथेच, रात्रीच्या दहालाही तिथेच. पण पोटातल्या चाकाला सगळं माहीत असतं.

घड्याळजी आपल्याच नादात बोलत राहिले. दुकान दिवसा उघडं. घड्याळ काढलं, अकराची, चारची, जी असेल ती वेळ लावून दाखवलं. मग परत ठेवताना काटे पुढे फिरवून दहा-दहावर आणले. दिवसभरातल्या कुठल्याही वेळेनंतर पहिले दहा येतात ते रात्रीचे. म्हणून खिडकीत कायम रात्रच असते. दादा होते तोवर काळजी नव्हती. ते रोज सगळ्यांच्या आधी येऊन एकेकाचे काटे पुढे न्यायचे, तारीख बदलेपर्यंत, आणि मग सकाळच्या दहा-दहावर आणून ठेवायचे. सकाळ करणं म्हणायचे त्याला. दिवसात एखादं परत रात्रीत गेलंच तर म्हणून तारीखही कुणाला लावू द्यायचे नाहीत.

मी विचारलं, काटे सहावर नेले तर? म्हणाले, मग तर प्रश्नच नाही. सकाळचे सहा असोत की संध्याकाळचे, दात मोकळाच असतो. प्राध्यापक तसंच करतो ना.

जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. पाय दुखत नव्हते. पण धरला.

निळ्या तबकडीचं मी ठेवलं होतं. अकराला दाखवून, काटे पुढे करून. रात्र मी भरली आणि मनीच्या हातात दिली.

२३ तारीख, शुक्रवार

सकाळी प्राध्यापकाला गाठलं. तो सकाळ करत होता. म्हटलं, तुला माहीत होतं? तो घड्याळ पुसत राहिला. मग त्याच्या तोंडून पहिल्यांदा मी छोटं वाक्य ऐकलं. म्हणाला, हो. म्हटलं, मग बोलला का नाहीस? एरवी तर बोलायचं थांबत नाहीस. म्हणाला, आत्या, तुम्ही मला पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाशी कसं उभं राहायचं ते शिकवलंत, तुम्हाला मी काय सांगू? त्यापेक्षा लवकर येणं सोपं.

मग बाळकडे गेले. आतल्या खोलीत होता. मी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. चारही माझ्यामुळे झाली. तारीख मी आधी लावते. मनीला तसं मीच शिकवलं.

बाळ म्हणाला, "मला माहीत आहे, आत्या."

कॅमेऱ्यात बघितलं होतं त्याने, तिसरं घड्याळ परत आलं तेव्हाच.

म्हटलं, "मग त्या पोरीचं नाव का घेतलंस?"

त्याने टेबलावरच्या पावत्या सारख्या केल्या. मग म्हणाला, "तुझं कसं घेऊ?"

मी किती चिडले ते लिहिता येत नाही. तो मला वाचवत होता. वर घड्याळजी, खाली प्राध्यापक, सगळे जण मला सांभाळत होते, काचेचं भांडं असल्यासारखे. पाय दुखतात, आत बस. एकाने तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांत शिकले असते. आठवी झाले म्हणजे कानाने बहिरी आहे का मी? मनीला काढून मला झाकायचं, आणि मला कळायचंही नाही, आणि मी तिच्याबद्दल हिशेब बरोबर बसतो म्हणून डायरीत लिहायचं. लिहिलंय मी तसं. वर आहे.

बाळला सांगितलं, आत्ताच्या आत्ता कंपनीच्या बाईला खरं नाव कळव. तो म्हणाला, मग परीक्षेत ती तुझ्याकडे जास्त लक्ष देईल. म्हटलं, देऊ दे. तिचं कामच आहे ते.

दादाची आठवण आली. त्यानेही कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही हेही खरं. लवकर जाऊन काचा पुसत बसतो असं समजत होते मी.

संध्याकाळी मनीला बोलावून घड्याळ हातात दिलं. म्हटलं, मी शिकवलं ते विसर. आधी सहा. मग तारीख. मग वेळ. तिने करून दाखवलं. मी म्हटलं, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस? ती म्हणाली, "तुम्ही तिथेच उभ्या होता. मला वाटलं तुम्हीच बोलाल."

एवढं लांब वाक्य ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती. बोलली ते हे.

२४ तारीख, शनिवार

कंपनीच्या बाईने माझी वही पुढे ठेवली. म्हणाली, आत्या, यात रोज एकच ओळ आहे. म्हटलं, रोज तेच वाटत होतं. मग तिच्यासमोरच खाली लिहिलं, "गुरुवारी शिकले. छान वाटलं नाही." तिने ते वाचलं. वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

मनी राहणार. बाळने स्वतः सांगितलं तिला.

२७ तारीख, मंगळवार

परीक्षा झाली. आधी लेखी. पानंच्या पानं. कंपनी कुठल्या साली निघाली, कुठल्या घड्याळात किती मणी, अमक्या धातूत तमका किती टक्के. वहिनीने वाचून दाखवलेली उत्तरं आठवत होती, पण ती कुठल्या प्रश्नाची ते आठवत नव्हतं.

तारखेचा प्रश्न होता, ती चावीने कधी पुढे ढकलू नये. चार पर्याय, एकावर खूण करायची. पहिला, सकाळी. दुसरा, दुपारी. तिसरा, रात्री नऊ ते पहाटे तीन. चौथा, कधीही चालते. तिसऱ्यावर खूण केली आणि शेजारी लिहिलं, "कुणाची रात्र ते लिहा. घड्याळाची." एवढं लिहिल्यावर पुढच्या दोन प्रश्नांना वेळ उरला नाही.

मग हाताचं काम. बाईने ट्रेमधलं एक घड्याळ दिलं, दहा-दहावर थांबलेलं. म्हणाली, मी गिऱ्हाईक, मला लावून द्या. बाळ मागे उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी काटे हळूहळू सहावर नेले. फार वेळ लागतो त्याला. आपल्या हाताला घाईची सवय असली की ते काटे जागचे हलत नाहीत असं वाटतं. मग तारीख. मग वेळ. तिच्या मनगटाकडे बघून म्हटलं, पट्टा एक घर घट्ट करू, तुम्ही सारखं वर ढकलता घड्याळ. ती हसली.

३० तारीख, शुक्रवार

निकाल. हाताच्या कामात पास, लेखीत नापास. एखाद्या मार्काने वगैरे नाही, चांगली घसघशीत नापास. मनी पास. प्राध्यापकाला इतके मार्क पडले की त्याने ते मला दोनदा सांगितले आणि मग माझा चेहरा बघून तिसऱ्यांदा गिळले.

बाई म्हणाली, सहा महिन्यांनी परत बसता येईल. बघू म्हटलं.

बाळ तोंड पाडून आला. मी म्हटलं, तुझ्या तोंडाला काय झालं, नापास मी झाले आहे. आतल्या खोलीत एक चांगला दिवा लाव आणि ती खोकी जरा सरकव. आणि पाय दुखतात म्हणून बसते आहे असं कुणाला सांगितलंस तर खबरदार. नापास झाली म्हणून बसली, असंच सांग.

वाईट वाटलं. त्या बाईच्या वहीत लिहायचं नाही म्हणून इथे लिहिते.

३ तारीख, सोमवार

आज लवकर गेले. किल्ली बाळकडून मागून घेतली होती. प्राध्यापकाला सांगितलं होतं, तू झोप, हे काम माझं. त्याने काय करायचं ते सांगायला सुरुवात केली. मी हात वर केला.

दिवे लावले नाहीत, बाहेरचा उजेड पुरत होता. रस्त्यावर झाडणारा माणूस होता, बाकी कुणी नाही. खिडकीतलं पहिलं घड्याळ काढलं. चावी ओढून काटे फिरवायला लागले. दहा-दहावरून अकरा, बारा. बाराला चौकटीतला आकडा थरथरला आणि पुढचा येऊन बसला. म्हणजे आत रात्र होती. तशीच पुढे एक, दोन, सहा, नऊ आणि परत दहा-दहा. बाहेरून बघाल तर काही झालं नाही. होतं तसंच ठेवलं.

मग दुसरं. मग तिसरं. जवळजवळ सगळ्यांत रात्रच होती, शनिवारी दिवसभर दाखवून परत ठेवलेल्या घड्याळांची. एकातच आकडा हलला नाही, त्यात आधीच सकाळ होती. बहुतेक कुणी काढलंच नसेल त्याला. चावी इतकी बारीक असते की अंगठा आणि शेजारचं बोट सोडून दुसरं काही पोचत नाही. अर्ध्यातच बोटं आंबली. दादा हे रोज करत होता आणि घरी येऊन, काय दुखतंय म्हटलं तर वहिनीशिवाय कुणाला सांगत नव्हता.

दुकान उघडलं तसं मी आत जाऊन बसले. दार उघडंच ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई परत आल्या. मनी पुढे झाली. घड्याळ हातात घेतलं आणि काटे सहाकडे न्यायला लागली. त्या विचारत होत्या, आत्या कुठे आहेत आज? मनी म्हणाली, "आत आहेत. सकाळ त्या करतात." डॉक्टरीणबाईंना काही कळलं नसणार. त्यांनी घड्याळ घेतलं. पावती मी लावली.

घरी आले तर वहिनीने माझा हात बघितला. मी आपला मिटून ठेवला होता. ती उठली, स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन आली आणि समोर बसली. नेहमीचं म्हणणार होते की काही दुखत नाही.

हात पुढे केला. अंगठा आणि हे शेजारचं.